मारेकऱ्यालाही देवाची दया? स्टेन्स प्रकरण आणि ख्रिस्ती क्षमा

निर्मळकर (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये स्टेन्स हत्याकांडातला एक दोषी पंचवीस वर्षांनी ओडिशातल्या क्योंझरच्या तुरुंगातून सुटला. चांगल्या वर्तणुकीमुळे उरलेली शिक्षा माफ झाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला की मला खोटं गोवलं होतं. मुख्य दोषी दारा सिंग याने २०२४ मध्येच सुटकेसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता, आणि आपल्याला पश्चात्ताप झालाय असं त्यात म्हटलं होतं. आमच्या वसईतल्या प्रार्थना गटात यावरून सरळ दोन तट पडलेत. काहींना सुटकेच्या विरोधात पत्र लिहायचंय. काही म्हणतात, ज्या बाईचा नवरा आणि मुलं गेली तिने माफ केलं, आपण कोण?

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ग्रॅहम स्टेन्स ऑस्ट्रेलियाचे, १९६५ साली भारतात आले आणि मयूरभंज जिल्ह्यात बारिपदा इथे कुष्ठरोग्यांसाठी राबले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावात चर्चपाशी उभ्या केलेल्या गाडीत ते आणि त्यांचे दोन मुलगे झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहा. जमावाने गाडी पेटवली आणि त्यांना बाहेर येऊ दिलं नाही. पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्तर तिथे नव्हत्या म्हणून वाचल्या. ग्लॅडिसबाईंनी काही दिवसांतच मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. या हत्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या वाधवा आयोगापुढच्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी लिहिलं की या लोकांना शिक्षा व्हावी हा विचार माझ्या मनात नाही, त्यांनी पश्चात्ताप करावा, सुधारावं, एवढीच इच्छा आहे. त्यानंतर त्या २००४ पर्यंत बारिपद्यातच राहिल्या आणि नवऱ्याचं काम चालवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

माझं म्हणणं असं. देवाची दया वाईट माणसालाही मिळू शकते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच आहे. तो काढून टाकला तर उरतं ते फक्त चांगल्या वागणुकीचं नियमांचं पुस्तक. येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार आयुष्यात एकही चांगलं काम करून दाखवू शकत नव्हता, त्याच्याकडे वेळच उरला नव्हता. तरी त्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं उत्तर मिळालं. हे पटत नसेल तर आपण ख्रिस्ती आहोत म्हणजे नक्की काय आहोत?

धर्मांतराचा वाद कृपया या धाग्यावर नको. त्यावर बोलायला इतर जागा आहेत.

---

तर्कट

मी नास्तिक आहे, पण विषय मनाला लागला म्हणून लिहितो.

ग्लॅडिसबाईंबद्दल मला आदर आहे. आपल्या दुःखापुरती क्षमा करण्याचा त्यांचा हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण फिलिप आणि टिमथीच्या वतीने क्षमा कोणी केली? सहा वर्षांचा मुलगा धुराने गुदमरत असताना त्याला कोणी विचारलं? आईसुद्धा त्याच्या जागी उभी राहू शकत नाही. मग देव कसा उभा राहतो? अन्याय झाला टिमथीवर, आणि दया दाखवणार तिसराच कोणीतरी. हा मेलेल्यांवर दुसरा अन्याय आहे.

‘ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ असं येशू म्हणाला, ते रोमन शिपायांपुरतं ठीक असेल, ते हुकमाचे ताबेदार होते. मनोहरपूरच्या जमावाला नीट समजत होतं. मदतीला येऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांना त्यांनी अडवलं होतं. गाडीत मुलं आहेत हे न कळता कोणी असं अडवत नाही.

आणि मूळ प्रश्न तर तुम्ही टाळलातच. तो सर्वशक्तिमान देव त्या रात्री कुठे होता? आधी जळू द्यायचं, मग जाळणाऱ्याला जवळ घ्यायचं. असा देव खरोखर असला, तरी मी त्याला नमस्कार करणार नाही.

---

मुक्ता

तर्कट, एक वेगळी बाजू सांगते. पंडिता रमाबाई दुष्काळात आई-वडील गमावून बसल्या होत्या, दुःख म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. १८८३ च्या सुमाराला त्या इंग्लंडमध्ये असताना फुलहॅम इथल्या ख्रिस्ती जोगिणींचं (नन्सचं) काम त्यांनी पाहिलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना येशू आणि लोकांनी हलकी ठरवलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली गेली. त्यांच्या मनाने तिथे वळण घेतलं. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी त्यांनी कृपासदन उभारलं. दयेची ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत केव्हाच रुजली आहे.

---

पानझड

मुक्ता, रमाबाईंबद्दल मलाही तेवढंच वाटतं, पण हे उदाहरण इथे बसत नाही. फुलहॅमच्या आणि केडगावच्या बहुतेक बायकांवर अन्याय झाला होता. पाप त्यांना वापरणाऱ्यांचं होतं. त्या बायकांना जवळ करणं आणि जाळणाऱ्याला जवळ करणं एकाच तागडीत कसं घालता येईल?

मी स्वतः ख्रिस्ती आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, आणि निर्मळकरदादांशी पूर्ण असहमत आहे. कारण पुस्तकातलं नाही, घरातलं आहे. माझ्या मावशीला नवरा पट्ट्याने मारायचा. उपासनेला ती लांब बाह्यांचं पोलकं घालून यायची, मे महिन्यातसुद्धा. पाळकसाहेब घरी यायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे, ‘क्षमा सात वेळा नाही, सत्तर वेळा सात.’ काका पण डोळे पुसायचे. प्रार्थना व्हायची. पुढच्या पगाराला पुन्हा तेच. मावशीला कोणी सांगितलं नाही की तू पोलिसांकडे जा. पश्चात्तापाचं सगळं कौतुक काकाच्या वाट्याला आलं, आणि मावशीच्या वाट्याला आलं फक्त क्षमा करायचं काम.

हे एका घरापुरतं नाही. अमेरिकेत बोस्टनमध्ये २००२ साली जे बाहेर आलं ते काय होतं? मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिले. तिथल्या चर्चचे प्रमुख असलेल्या कार्डिनलना त्या डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला, आणि दोन वर्षांत रोममधल्या एका मोठ्या बॅसिलिकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दया नेमकी कोणाला मिळाली, बघा. आपल्या लोकांना गुन्हेगाराची दया फार लवकर येते. ज्याच्यावर गुन्हा झाला तो समोर उभा राहिला की त्याच्या मनात कटुता आहे म्हणतात.

---

कोर्टकचेरी

थोडी माहिती, कारण ‘माफी’ हा शब्द इथे दोन अर्थांनी फिरतोय. २००३ मध्ये विशेष न्यायालयाने दारा सिंगला फाशी सुनावली. २००५ मध्ये ओरिसा हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. सीबीआयने पुन्हा फाशी मागितली, पण सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये जन्मठेपच कायम ठेवली. आता चाललेय ती शिक्षेतली सूट. तो सरकारचा अधिकार आहे, त्याला धोरण असतं, आणि खुनाच्या जन्मठेपेत निदान चौदा वर्षं आत काढावीच लागतात. त्यात पीडिताच्या कुटुंबाने मनाने क्षमा केली की नाही, हा प्रश्न वेगळा राहतो. ग्लॅडिस स्टेन्स यांनी निकालानंतर हेच म्हटलं होतं: क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका.

त्यामुळे प्रार्थना गटाचं पत्र ही नागरिकांची कृती ठरते. देवाच्या दयेवरचं मत म्हणून ते कोणी वाचणार नाही.

---

निर्मळकर

कोर्टकचेरी, आभार. हा भेद मी पहिल्याच पोस्टमध्ये करायला हवा होता, इतका महत्त्वाचा आहे.

तर्कट, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. त्या रात्री देव कुठे होता, याचं सुबक उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं वाटतं त्याला मी स्टेन्स कुटुंबासमोर ते म्हणून दाखवायला सांगेन. आमचं पवित्र शास्त्रही ते देत नाही. ईयोब या निर्दोष माणसाची मुलं गेली, तेव्हा तीन मित्र येऊन ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ असं समजावत बसले, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर निघाला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असं येशूनेच लोकांना विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून उत्तर दिलं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप याचं की आईबापाचं? तिथेही ‘कोणाचंच नाही.’ दुःखाचा हिशेब कोणाच्या तरी खात्यावर लावून मोकळं होण्याची वाट त्याने तीनदा बंद केली.

ख्रिस्ती माणसाकडे मग काय उरतं? एक मारला गेलेला देव उरतो. देव वर बसून बघतो आणि मग माफ करतो, हे चित्र तुमचं आहे, आमचं नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे क्रुसावर तोच होता. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडणारा तोच. म्हणून तो टिमथीच्या बाजूने बोलू शकतो असं मी मानतो. तो तुम्हाला त्रयस्थ वाटतो. मला तो त्या गाडीत दिसतो. तुम्ही हे मानणार नाही, मान्य. पण आमच्या श्रद्धेला तपासायचं तर ती जशी आहे तशी तपासा.

पानझडताई, तुम्हाला सावकाश उत्तर देतो. घाईने देण्यासारखं ते नाही.

---

भावार्थ

यापेक्षा कर्माचा सिद्धांत सरळ नाही का? जो करेल तो भोगेल. देवालाही त्यात ढवळाढवळ करता येत नाही. आणि ज्ञानदेवांनीही दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचं दुष्टपण जावं एवढंच मागितलं.

---

तर्कट

भावार्थ, कर्माने टिमथीचं उत्तर आणखी अवघड होतं. सहा वर्षांच्या पोराने आदल्या जन्मी काय केलं होतं, हे सांगायची पाळी येते. निदान निर्मळकर ‘माहीत नाही’ तरी म्हणतात. ज्ञानदेवांच्या मागण्याशी माझं भांडण नाही, ते मलाही आवडतं.

---

सम्यक

बौद्ध परंपरेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अंगुलिमाल माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालायचा. बुद्धांनी त्याला संघात घेतलं. राजा पसेनदी त्याला पकडायला निघाला होता, तो त्याला भिक्षूच्या वेशात बघून थक्क झाला आणि परत गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. अंगुलिमाल भिक्षेला गेला की लोक त्याला दगड, ढेकळं, काठ्या मारायचे. एकदा डोकं फुटून, पात्र मोडून, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो बुद्धांपुढे आला. बुद्ध म्हणाले, सहन कर, तुझ्या कर्माचं फळ तू इथेच भोगतोयस. त्यांनी लोकांना ‘आता तो सुधारला, माफ करा’ असं सांगितलं नाही. ज्यांची माणसं मेली त्यांच्या रागाला जागा राहिली.

ख्रिस्ती क्षमेत ही जागा मला कमी दिसते. चूक असेन तर सांगा.

---

इंदुरी

मी इंदूरची, चार पिढ्या इथेच. आमच्याकडचं एक प्रकरण महाराष्ट्रात फारसं माहीत नसतं.

केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकार आणि जमीनदारांच्या कचाट्यातून लोकांना बाहेर काढण्याचं ते काम होतं, त्यामुळे शत्रू झाले. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या बसने निघाल्या असताना समंदर सिंग नावाच्या माणसाने भर बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार केले. पन्नासच्या वर जखमा होत्या. प्रवासी बघत राहिले.

त्यांची सख्खी धाकटी बहीणही जोगीण. २००२ च्या राखीपौर्णिमेला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि समंदर सिंगला राखी बांधली. त्याच्या हाताला हात लावून राखीची गाठ मारायची म्हणजे काय, विचार करा. तोच हात होता तो. पुढे आईसुद्धा त्याला भेटली आणि तिने त्याचे हात हातात घेतले. कुटुंबाने सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. २०१७ मध्ये सिस्टर राणी मारियांना इंदूरमध्ये ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं.

सम्यक, रागाला जागा होती. बहिणीला राखीपर्यंत यायला सात वर्षं लागली.

---

तर्कट

इंदुरी, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. मनापासून सांगतो.

पण प्रश्न राहतोच. समंदर सिंगने स्वतःच सांगितलंय की त्याला दुसऱ्यांनी चिथावलं. ज्यांचं हित दुखावलं होतं त्यांना कोणी राखी बांधली का? त्यांनी मागितली का? दया मिळते ती हातात चाकू असलेल्या गरिबाला. चाकू हातात देणारा कोणाच्या दयेवर अवलंबूनच नसतो. मग ही सगळी क्षमा अन्यायाच्या मुळाला कुठे लागते?

---

निर्मळकर

तर्कट, क्षमेने जमीनदारी संपत नाही, हे बरोबर. ती संपवायचं काम सिस्टर राणी मारिया आधीच करत होत्या, म्हणूनच त्यांना मारलं. एकाच घरात अन्यायाशी झुंज आणि मारेकऱ्याला क्षमा, दोन्ही होतं. एकीमुळे दुसरी ढिली पडली नाही.

आता पानझडताई. तुमच्या मावशीला जे सांगितलं गेलं ते येशूच्या तोंडचं अर्धंच वाक्य होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात तो म्हणतो, तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला धमकाव, म्हणजे त्याची चूक तोंडावर सांग, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. धमकावणं आधी आहे. जकातदार जक्कयाने लोकांना लुबाडलं होतं, त्याने चौपट परत करायची तयारी दाखवली, तेव्हा ‘आज या घराला तारण झालं आहे’ असं म्हटलं गेलं. आमच्या कॅथलिक शिकवणीतही पापमुक्ती मिळाल्यावर चोरलेलं परत करणं, मोडलेलं सावरणं बाकी राहतं, ते कोणाला चुकत नाही. मारणाऱ्या नवऱ्याला खरा पश्चात्ताप झाला असता तर तो स्वतः पोलीस चौकीत जाऊन बसला असता. नाझींच्या हातून १९४५ मध्ये फाशी गेलेले जर्मन पाळक डिट्रिश बॉनहोफर स्वस्त कृपेबद्दल जीव तोडून सांगत होते. पश्चात्तापावाचून वाटलेल्या माफीने चर्च आतून मरतं, असं ते म्हणत. बोस्टनमध्ये तेच झालं. त्याचा बचाव मी करणार नाही.

तरीही माझ्या मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. योना या संदेष्ट्याची गोष्ट बघा. निनवे हे अश्शूरी लोकांचं शहर, इस्राएलला चिरडणाऱ्यांचं. योनाला तिथे जायचं नव्हतं. भीतीपेक्षाही त्याला खात्री होती की हे पश्चात्ताप करतील आणि देव त्यांना सोडून देईल. तसंच झालं, आणि योना इतका चिडला की मरण मागू लागला. त्याचा राग खोटा नव्हता, त्याच्या लोकांनी सोसलं होतं. देवाने त्याला रागावून गप्प केलं नाही, त्याच्याशी वाद घातला, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. म्हणजे पीडिताच्या रागाला शास्त्रात जागा आहे, सम्यक. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मारले गेलेले हुतात्मे वेदीखालून ओरडतात, ‘प्रभू, आमच्या रक्ताचा सूड तू कधीपर्यंत घेणार नाहीस?’ त्यांना कोणी कटू म्हणत नाही. त्यांना शुभ्र झगे दिले जातात.

पण माणूस काहीही करून बसला तरी देवाकडे परतायची वाट त्याच्यासाठी बंद होते, असं मी म्हणू शकत नाही. म्हटलं तर उद्या ती माझ्यासाठीही बंद होईल. दारा सिंगचा पश्चात्ताप खरा की वकिलाने लिहून दिलेला, मला कळायला मार्ग नाही. खरा असेल तर देव त्याला टाकणार नाही. तुरुंगातून सुटो अथवा न सुटो.

---

पानझड

दादा, अर्ध्या वाक्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. हे आमच्या पाळकसाहेबांनी तेव्हा व्यासपीठावरून सांगितलं असतं तर मावशीचं आयुष्य वेगळं झालं असतं. ती आता नाही.

पण मला अजून एक पटत नाही. तुम्ही म्हणता, देव टाकणार नाही. ठीक आहे, ते देवाचं झालं. तुम्ही, मी, तुमचा प्रार्थना गट, आपल्याला कोणी काय केलं होतं? दारा सिंगला क्षमा करण्यासारखं आपल्याजवळ काहीच नाही. ग्लॅडिसबाईंच्या क्षमेचं श्रेय वापरून आपण उदार दिसतो. ‘आपण कोण’ हे ज्यांनी विचारलं त्यांनी तो प्रश्न शेवटपर्यंत न्यावा. विरोधाचं पत्र लिहायला जसे आपण कोणी नाही, तसे मारेकऱ्यावरच्या दयेचे गोडवे गायलाही आपण कोणी नाही. आपल्या हातात एवढंच आहे की आपल्याच मंडळीत आज कोणी लांब बाह्या घालून येत असेल तर तिच्याशी बोलावं.

आणि ज्याने सुटल्यावर ‘मला गोवलं’ म्हटलं, त्याच्याबाबत तर तुमच्याच लूकप्रमाणे प्रश्न उद्भवत नाही. त्याने काही मागितलेलंच नाही.

---

निर्मळकर

त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, ताई, त्याने मागो वा न मागो. ‘जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ याला पश्चात्तापाची अट नाही. क्षमा आणि प्रार्थना मी वेगळ्या धरतो.

बाकीचं तुमचं म्हणणं मी येत्या रविवारी गटात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. मावशींचा भाग वगळू का?

---

पानझड

वगळू नका. तोच वाचा.